चापेला काही डोक्यावर बसेना

फॅशन डिझायनर बालेन्सियागाचं आधी उरकून टाकते, कारण मी गेले होते त्याच्यासाठीच. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या सान सेबास्तियनहून बसने गेतारिया. समुद्रकाठचं छोटंसं कोळ्यांचं गाव, 1895 साली तो तिथेच जन्मला. 2011 मध्ये उघडलेल्या त्याच्या संग्रहालयात कापड विटू नये म्हणून दिवे मंद ठेवलेत आणि माणसंही आपोआप कुजबुजतच बोलतात. झगे देखणे, पण मी सारखी घड्याळ बघत होते. एकाच ठिकाणी पाय थबकले. त्याच्या स्पेनमधल्या दुकानांचं नाव होतं ‘एइसा’. आईच्या एइसागिर्रे या आडनावातून काढलेलं. आई शिवणकाम करायची. पॅरिसला पुढे कितीही मोठा झाला तरी घरच्या पाटीवर आईच, हे मला त्या सगळ्या रेशमापेक्षा आवडलं.

दुसऱ्या दिवशी 21 डिसेंबर. सान सेबास्तियनला संत तोमासची जत्रा असते हे मला सकाळी हॉटेलच्या दारात कळलं. रस्त्यावर सगळं गाव वेषांतर करून उतरलेलं! पुरुष काळ्या सैल डगल्यात, गळ्यात चौकड्यांचा रुमाल, डोक्यावर ‘चापेला’, म्हणजे ती चपटी गोल लोकरी टोपी. बायका लांब घागरे, ॲप्रन आणि डोक्याला बांधलेल्या फडक्यांत. कॉलेजच्या पोरी त्याच घागऱ्याखाली स्पोर्ट्स शूज घालून मोबाइलवर बोलत चाललेल्या. जुन्या काळी कुळं वर्षाचा खंड भरायला याच दिवशी शहरात मालकाकडे यायची, येताना भाजीपाला, कोंबड्या विकायला आणायची. त्या शेतकऱ्यांचा हा पोशाख. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत इथली बास्क भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार झाली होती, बास्क झेंड्यावर तर 1977 पर्यंत बंदी. डगल्यावर आणि घागऱ्यावर कोण बंदी घालणार?

मलाही हाव सुटली. 40 युरो मोजून चापेला घेतली. (माझ्या बजेटमध्ये दोन दिवसांचं जेवण.) दुकानाच्या आरशात ती एका कानावर तिरकी केली, सिनेमातला चित्रकार करतो तशी, आणि ऐटीत जत्रेत शिरले.

प्लाझा दे ला कॉन्स्टिट्यूशन या चौकात तोबा गर्दी. गर्दी मला मुळीच सोसत नाही. बक्षिसाच्या लॉटरीतलं अगडबंब डुक्कर बघायला लोक एकमेकांच्या पाठीवर चढत होते. मी हातात तालो घेऊन भिंतीला टेकले. तालो म्हणजे मक्याची भाकरी, आत चिस्तोरा नावाचं तिखटसर लाल सॉसेज गुंडाळलेलं. भाकरी आपल्याकडच्यापेक्षा जाड, पण थापणाऱ्या बाईचा हात मात्र ओळखीचा वाटला.

तेवढ्यात एक आजी समोर येऊन उभी राहिली. माझ्याकडे, मग टोपीकडे बघितलं. काही विचारणं नाही, सांगणं नाही, दोन्ही हातांनी टोपी उपटून काढली. आतली चामड्याची पट्टी बोटांनी नीट आत दुमडली, टोपी माझ्या कपाळावर घट्ट बसवली, कड किंचित पुढे ओढली. माथ्यावर मधोमध एक बारीकसा देठ असतो, शेंगेला असतो तसा. तो चिमटीत धरून तिने जागेवर आणला आणि वर एक टपली मारली. ‘चापेल्दुन!’ म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. शब्दाचा अर्थ चापेलावाला. पण स्पर्धा जिंकणाऱ्याला इथे चषकाऐवजी चापेलाच घालतात, म्हणून अर्थ विजेता असाही होतो. माझे हात तेलकट, तोंडात तालो. धन्यवादही धड म्हणता आलं नाही.

खरं सांगायचं तर आधी रागच आला होता. परक्या बाईने डोक्याला हात लावायचा म्हणजे काय! मग खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. चित्रकार गायब झाला होता.

हॉटेलवर जाईपर्यंत टोपी काढली नाही. जेवलेही तशीच, काढली तर पुन्हा तशी बसणार नाही या धास्तीने. सकाळी आरशासमोर चार वेळा प्रयत्न केला. देठ दर वेळी कानाकडे सरकायचा. शेवटी कानटोपी घालून स्टेशनला गेले.