देवाने ऐकले, असे कोणी म्हणावे?

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांनी रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवले आणि दमलेली माणसे घरी येऊन झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. ५२ गावे उद्ध्वस्त झाली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८ सांगितला जातो, आणि प्रत्यक्षात तो याहून मोठा असावा असे मानणारेही पुष्कळ आहेत. ज्या गावांनी दहा दिवस आरतीत संकटकाळी धावून येण्याचे मागणे मागितले होते, त्यांच्यावर गणपतीला निरोप देऊन काही तास उलटतात न उलटतात तोच हे संकट कोसळले. प्रार्थना खरोखर ऐकली जाते का, याचा विचार करताना मला ती पहाट बाजूला ठेवता येत नाही.

माणसे कशाने मेली, हे आपल्याला नीट ठाऊक आहे. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांनी पेललेले मातीचे माळवद, असे ते घर होते. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच घर हादरा बसताच आत झोपलेल्यांवर येऊन पडले. उलट, कुडाच्या आणि गवताने शाकारलेल्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी तगल्या. झोपडीतल्या माणसाची भक्ती वाड्यातल्या माणसाहून मोठी होती, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. छप्पर हलके होते, म्हणून तो वाचला.

काही दिवसांनी ढिगाऱ्याखालून दीड वर्षाची एक मुलगी जिवंत निघाली, तेव्हा ‘देव तारी त्याला कोण मारी’ हे वाक्य कितीतरी जणांच्या तोंडी आले. ते तिच्या आईने म्हटले असेल, तर मी हात जोडून गप्प राहीन. पण ज्या बाईची मुले त्याच मातीतून जिवंत निघाली नाहीत, तिच्या कानांवर ते पडले असेल, तेव्हा तिने काय समजायचे? देवाने तिच्याकडे पाठ फिरवली, की तिची हाकच कमी पडली?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, आमच्या शेजारच्या काकूंनी देव पाण्यात ठेवले होते. पाण्याने भरलेल्या ताम्हनात कमरेपर्यंत बुडालेला पितळी बाळकृष्ण, त्याच्या डोक्यावर रोज ताजे तुळशीचे पान, आणि शेजारीच चार्जिंगला लावलेला फोन, कारण दवाखान्यातून निरोप कधी येईल याचा नेम नव्हता. काका गेले. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बरे होऊन घरी आले, आणि त्यांची विचारपूस करून जिना उतरणारी मंडळी ‘घराण्याची पुण्याई कामी आली’ असे मोठ्याने बोलत होती. काकूंचे दार उघडे होते. त्या मंडळींच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला कळते. पण त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

तुकोबांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा दगावले. दिवाळे निघाले, दुष्काळाने छळले, हे बरेच झाले, असे त्यांनी पुढे स्वतःच देवाला सांगितले. हे उद्गार मी अनेकदा वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाटते, की असे म्हणण्याचा अधिकार केवळ त्यांचा होता. देहूतल्या एखाद्या सुखवस्तू शेजाऱ्याने ‘झाले ते बरेच झाले’ म्हणून त्यांचे सांत्वन केले असते, तर शब्द तेच असूनही तो क्रूरपणा ठरला असता. आपत्तीत देव पावला की नाही, याचा निवाडा ज्याच्यावर ती ओढवली त्यानेच करावा, आणि त्याला तो करायचा नसेल तर तेही त्याच्याच हाती असावे.

मी रोज देवापुढे बसतो. घरात कोणी आजारी असले की मागणेही मागतो, आणि ते माणूस बरे झाले की निरंजन लावतो. मात्र ‘माझे ऐकले’ हे मी चारचौघांत बोलत नाही, कारण समोरच्यांपैकी कोणाचे ऐकले गेलेले नाही, याचा मला पत्ता नसतो. सांत्वनाला गेल्यावर कोणी विचारलेच, की आम्ही काय कमी केले होते, तर तुमच्या प्रार्थनेत काहीही उणे नव्हते, एवढेच मी सांगतो, आणि ते अगदी खात्रीने सांगतो.