आंब्याची व्हीट बीअर: या मोसमाची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत जिची वाट पाहत होतो ती आली. आमच्या इंदुरातल्या मायक्रोब्रूअरीने यंदाची आंब्याची व्हीट बीअर नळावर चढवली आहे आणि माझ्या मते ती गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी सरस आहे.

या मोसमात मला एकच गोष्ट साधायची होती. ग्लासातला फळाचा वास कुठला आणि यीस्टचा कुठला, हे नाकाने वेगळं काढायचं. म्हणून आधी त्यांची साधी हेफेवायझेन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर, मागवतो, तिच्यावर नीट नाक लावतो, मग आंब्याची. हेफेवायझेनचं यीस्ट स्वतःच दोन वास तयार करतं: केळ्याचा, तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेटमुळे, आणि लवंगेचा, तो ४-विनाइल ग्वायकॉलमुळे. पूर्वी त्या केळ्यालाच मी ‘पिकलेला आंबा’ म्हणून वहीत लिहायचो. आता साधी आधी चाखली की केळं ओळखीचं होतं आणि पुढच्या ग्लासात जे जास्तीचं येतं तोच आंबा. फार सोपी युक्ती आहे, जरूर करून बघा.

सोबत येणाऱ्या मित्रांना दर वेळी नवल वाटतं की ही बीअर गोड कशी नाही! गरातली साखर यीस्ट जवळपास सगळी फस्त करतं, उरतो तो वास. त्यातही गर कधी घातला याला फार महत्त्व आहे. पहिलं फर्मेंटेशन जोरात चालू असताना घातला तर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर वासही बराच उडून जातो. यंदा तो जोर ओसरल्यावर केसर आंब्याचा गर घातला, असं तिथल्या ब्रूअरने सांगितलं, आणि ते ग्लासात कळतं. सिरप ओतून गोड केलेल्या बीअरपेक्षा मला ही कोरडी, किंचित आंबटसर चव शंभर पटीने प्रिय आहे.

आणखी एक मजा. बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांच्या तेलात मिरसीन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि तेच अनेक जातींच्या आंब्यांतही सापडतं. सिट्रा, मोझेक या हॉप्सच्या बीअरमध्ये आंबा न घालताही आंबा भासतो, त्यामागे असली नाती आहेत.

दोन सूचना. ग्लास आला की लगेच संपवू नका. बर्फगार असताना वास मिटलेला असतो, आठ-दहा अंशांना तो उघडतो, आणि आपल्या मे महिन्यात त्याला वेळ लागत नाही. दुसरं, टेबलावर लौंग सेव, म्हणजे लवंग घातलेली शेव, ठेवतात ती शेवटी खा. माझी आवडती आहे, पण ती आधी खाल्ली की यीस्टची लवंग कुठली आणि शेवेची कुठली, काही म्हणजे काही कळत नाही.

गर संपेपर्यंतच ही बीअर मिळेल. पुढच्या खेपेला केसर आणि बदाम आंब्याच्या ताज्या फोडी डब्यात घेऊन जाणार, त्यांच्याशी वास ताडून बघायला. ब्रूअरने परवानगी दिली आहे.