फाइल्स एका रात्रीत आल्या, अक्षरं अजून येतायत

बाबांचा जुना पीसी शेवटी काढला एकदाचा. २०१० मध्ये असेंबल करून घेतलेला, विंडोज ७, दोन जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकायला जायचं, चहा पिऊन झाला की डेस्कटॉप दिसायचा. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले, पण बाबांचं एकच, मला काय करायचेत अपडेट, मी टाइपच तर करतो.

मला वाटलं, पेन ड्राइव्ह लावू, कॉपी पेस्ट करू, संपलं. तर ताईच्या लग्नाचा व्हिडिओ साडेसहा जीबीचा, पेन ड्राइव्हवर वीस जीबी रिकामी, तरी म्हणतो फाइल मोठी आहे. मग आठवलं, पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला आणि त्यात ४ जीबीच्या वरची एकही फाइल जात नाही, जागा कितीही असू दे. ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घेतला. पण यूएसबी २.० ची पोर्टं आणि फोटोंच्या हजारो बारीक बारीक फाइल्स, हिरवी पट्टी हलायलाच तयार नाही. शेवटी कॅबिनेट उघडलं (आत काय धूळ होती, आई झाडू घेऊनच आली), हार्ड डिस्क काढली आणि बाहेरून लावायचं केसिंग आणलं. ३.५ इंची डिस्कला नुसत्या यूएसबीची वीज पुरत नाही, वेगळा अडॅप्टर असलेलंच घ्या, मी आधी चुकीचं आणलं होतं. बाबांच्या युजर फोल्डरने परवानगी नाही म्हणून अडवलं, कंटिन्यू दाबलं, बराच वेळ थांबलो, उघडलं. रात्रभरात सगळं नव्या लॅपटॉपवर.

सकाळी बाबांनी सोसायटीच्या इतिवृत्ताची फाइल उघडली आणि मला हाक मारली. "अरे हे काय, सगळी इंग्रजी भुतं नाचतायत!"

बाबा अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी, त्याआधी जिल्हा परिषदेत क्लार्क, मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिलेले, त्यामुळे सगळं लिखाण टाइपरायटरसारखं टाइप होणाऱ्या कृतिदेव फॉन्टमध्ये. आणि कृतिदेवची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी नसतंच, "मराठी" लिहिलं की आत ई-जे-के-बी-एच अशी इंग्रजी अक्षरं साठवली जातात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. मी मुखवटा जुन्या घरीच विसरून आलेलो. मग जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून कृतिदेव शोधून नव्यावर इन्स्टॉल केला, आणि भुतं गेली.

पण व्हॉट्सअॅपवर पेस्ट करा, परत भुतं. सर्चमध्ये "पाण्याची टाकी" टाका, काही सापडत नाही. म्हणून म्हटलं सगळं युनिकोडच करून टाकू, म्हणजे फाइलमध्ये खरीखुरी देवनागरी अक्षरंच साठवली जातील, कन्व्हर्टर फुकट मिळतात. इथे खरी कटकट. टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही नेमकं उलटं. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि एकाच अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की मी वापरलेला तरी गडबडायचा. "वार्षिक"चं झालं "वाषिर्क". जुन्या वेबसाइट्सवर "आथिर्क" असलं काहीतरी तुम्ही वाचलं असेल, तीच ही जात. आता सोसायटीच्या इतिवृत्तात वार्षिक सर्वसाधारण सभा किती वेळा येते विचारा! काही शब्द फाइंड-रिप्लेसने सुटले, बाकीचे शोधायला चार रविवार मी वाचतोय आणि बाबा शेजारी बसून चुका काढतायत, माझ्या कमी, २०१४ च्या खजिनदाराच्या जास्त.

तेवढ्यात दुसरं निघालं. लॅपटॉपच्या मराठी कीबोर्डवर बाबांची बोटं चालेनात, त्यांना टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणीच हवी. युनिकोड देणारं रेमिंग्टन लेआउटचं टूल टाकून दिलं, तर म्हणाले, "हे ठीक आहे, पण बटणं चपटी आहेत रे, माझा जुना कीबोर्ड जोड." त्याला जुन्या पद्धतीची जांभळी गोल पिन, पीएस-टू. लॅपटॉपला तसलं भोक कुठलं असायला. ती पिन यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर ऑर्डर केलाय, गुरुवारी येतोय, तोवर बाबांनी ती पिन रुमालात गुंडाळून ठेवलीय.