लोकरीच्या धाग्यांपासून घरी केलेले फरचे कापड

मुलांच्या नाटकासाठी मला अस्वल हवे होते, आणि तेही आपल्या मेळघाटातले किंवा ताडोबातले वाटेल असे. बाजारात मिळणारे काळे फरचे कापड चांगले असते, परंतु त्याचे केस सगळीकडे सारख्याच लांबीचे, एकाच छटेचे आणि एकाच दिशेला झुकलेले असतात. आपल्याकडच्या अस्वलाची कातडी तशी नसते. मान आणि खांद्यांवर त्याचे केस लांब व विस्कटलेले असतात, तोंडाकडे ते आखूड होत जातात, मुस्कट फिकट राखी दिसते आणि छातीवर पांढुरका पट्टा असतो. थंड प्रदेशातल्या अस्वलांच्या लांब केसांखाली मऊ लोकरीचा दाट थर असतो. आपल्या अस्वलाला तो जवळजवळ नसतो. म्हणून हे कापड घरीच करायचे ठरवले. माझ्या मते अशा कामात धाग्याच्या महागडेपणाला फारसे महत्त्व नाही. केसांची दिशा, लांबी आणि रंगांची मिसळ या तीन गोष्टी आपल्या हातात राहतात, हेच या सगळ्या खटाटोपाचे खरे कारण आहे.

कारखान्यातले फरचे कापड कसे तयार होते, हे समजून घेतले की घरचे कामही सोपे होते. तेथे सूत कातले जातच नाही. पिंजलेल्या तंतूंचा सैल पेळू गोल विणकाम यंत्राला पुरवला जातो, सुया त्यातले थोडे थोडे तंतू उचलून पायाच्या कापडाच्या विणीत अडकवतात, मागून लेप देऊन ते पक्के केले जातात आणि शेवटी गरम रुळावर केस विंचरून सरळ व चकचकीत केले जातात. आपल्या हातात मात्र पीळ दिलेला तयार धागा असतो. त्यामुळे आपल्याला उलट वाटेने जावे लागते: पीळ उकलायचा, पदर सुटे करायचे आणि धाग्यातून पुन्हा मोकळे तंतू मिळवायचे.

दुकानात लोकर म्हणून मिळणारा स्वस्त धागा बहुधा अॅक्रिलिक असतो, आणि या कामाला तोच योग्य आहे. मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ओल आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत गुंतून गोळा होतात. अॅक्रिलिकचे तसे होत नाही, शिवाय बेताच्या उष्णतेने त्याचा वळसा सरळ करता येतो. धागा घेताना पीळ सैल आहे ना, हे बोटांत फिरवून पाहावे. घट्ट पिळाची चारपदरी लोकर विंचरताना हात दुखून येतात आणि तंतूही तुटतात.

मी पट्ट्यांची पद्धत वापरते. धाग्याचे सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचे तुकडे कापून ते साध्या कोऱ्या कागदाच्या पट्टीवर आडवे, एकमेकांना चिकटून मांडायचे आणि बरोबर मधोमध शिवणयंत्राने बारीक टाक्याची टीप मारायची. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, कारण त्याची शाई फिक्या धाग्याला लागते. कागद हलकेच फाडून काढल्यावर धाग्यांची झालर हातात येते. ती टिपेवर दुमडून पुन्हा एक टीप मारली की ६ सेंटिमीटर केसांची पक्की पट्टी तयार होते. यंत्र नसेल तर बारीक उलट्या टिपेनेही हे काम होते, फक्त वेळ अधिक लागतो.

पाया म्हणून धुऊन आटवलेला मांजरपाट मला सर्वांत भरवशाचा वाटतो. अंगावर ताणून बसायला हवे अशा ठिकाणी होजियरीचे कापड घ्यावे, पण त्यावर शिवताना ते ओढले जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. कापडावर आधी खडूने केसांची दिशा दाखवणारे बाण काढावेत. कपाळावर केस मागे जातात, गालांवर बाजूला वळतात, खांद्यावरून खाली उतरतात. हा नकाशा काढण्यात गेलेला वेळ मुळीच वाया जात नाही. पट्ट्या नेहमी केसांच्या टोकांच्या बाजूपासून शिवत यावे. छपरावर कौले जशी वळचणीकडून आढ्याकडे रचतात तसे केले, म्हणजे वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते.

धागा किती लागेल याचा अंदाज आधीच घ्यावा. दोन ओळींत १ सेंटिमीटर अंतर आणि एका सेंटिमीटरला ४ धागे धरले, तर ३० सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यासाठी ३० ओळी, म्हणजे ३६०० तुकडे आणि ४३२ मीटर धागा लागतो. १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण २०० मीटर धागा असेल, तर हे वजन २१६ ग्रॅम होते. कापणे-विंचरणे यांतली घट धरून २५० ग्रॅम आणावा. एवढ्या हिशेबावरूनच लक्षात येईल की संपूर्ण अंगरखा असा करणे शहाणपणाचे नाही. मी टोपडे, मान आणि खांदे एवढाच भाग असा केला आणि बाकीचा पोशाख साध्या काळ्या कापडाचा ठेवला. मुलाला उकडतही कमी, आणि प्रेक्षकांची नजर तशीही चेहऱ्यापाशीच असते.

रंगांबाबत माझे मत ठाम आहे: निव्वळ काळा धागा वापरू नये. रंगमंचाच्या उजेडात त्यातले केस दिसतच नाहीत, नुसता काळा ठिपका दिसतो. चार काळ्या धाग्यांमागे एक गडद तपकिरी धागा मिसळला की केसांचे थर उठून दिसतात. छातीच्या पट्ट्यासाठी शुभ्र पांढरा न घेता सायीच्या रंगाचा धागा घ्यावा आणि त्याच्या कडेच्या पट्ट्यांत काळे-फिके धागे आलटून पालटून मांडावेत, म्हणजे पट्टा चिकटवल्यासारखा वाटत नाही.

यानंतर विंचरणे. कुत्र्यामांजरांसाठी मिळणारा, बारीक वाकड्या तारांचा ब्रश यासाठी उत्तम. आधी बोटांनी किंवा सुईने धाग्याचे पदर सुटे करावेत, मग मुळाशी बोटांनी घट्ट दाबून धरून टोकांपासून सुरुवात करावी आणि थोडे थोडे मुळाकडे सरकावे. मुळापासून एकदम ओढले तर टीप सैल होते. आखूड तंतू निघून येणारच. ते टाकून न देता बाहुलीत किंवा मुखवट्याच्या आत भरण्यासाठी ठेवावेत. हे करताना पंखा बंद, खिडकी उघडी आणि नाकातोंडावर रुमाल असावा, कारण उडणारी लव श्वासात जाते. केस फारच कुरळे राहिले तर वर सुती कापड ठेवून कृत्रिम धाग्यांसाठी असलेल्या मंद आचेवर इस्त्री हलकेच फिरवावी. अधिक उष्णतेने अॅक्रिलिक कायमचे लुळे पडते. शेवटी कात्री आडवी न चालवता केसांच्या दिशेने उभी धरून असमान छाटावे.

क्रोशे येणाऱ्यांना दुसरी वाट आहे. एका ओळीत प्रत्येक टाक्याला बोटावर लांब फास सोडायचा, पुढची ओळ साध्या मुक्या खांबांची घालायची, म्हणजे सगळे फास एकाच बाजूला येतात. मग ते कापून विंचरायचे. कापल्यावर टाके सैल पडू नयेत म्हणून मागून लवचीक राहणाऱ्या कापडाच्या गोंदाचा पातळ हात द्यावा. हे कापड जड होते, पण गोलाकार टोपड्याला सुरेख बसते.

अॅक्रिलिक चटकन पेट घेते आणि वितळून त्वचेला चिकटते, म्हणून असा पोशाख घातलेल्या मुलाला समई, निरांजन किंवा उघड्या ज्योतीजवळ कधीही उभे करू नये. तान्ह्या बाळाच्या खेळण्यालाही हे कापड लावू नये, कारण सुटे तंतू तोंडात जातात. धुताना थंड पाण्यात सौम्य साबण घ्यावा, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावे आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच विंचरावे.

उरलेल्या तपकिरी आणि सायीच्या रंगाच्या पट्ट्यांची मी आता शेकरूची शेपटी करते आहे. जाड दोराला पट्टी शेपटीच्या टोकाकडून बुडख्याकडे वेटोळी गुंडाळत शिवली की प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याची शिवण झाकतो. येथे वेढ्यांमधले अंतर अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत कमी करावे लागते, कारण शेकरूच्या शेपटीची झुपकेदार दाटी विरळ ओळींत येत नाही.