इथे लाफ्टर आहे

दुपारची जेवणं आटोपली होती आणि मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन घड्या घालत बसले होते. समोर लॅपटॉपवर 'अनडिक्लेअर्ड' चालू होती. ही मालिका आता मी बघण्यापेक्षा लावून ठेवते, असं म्हणणं जास्त खरं. घड्या घालताना, भाजी निवडताना, अंगात कणकण असताना. मालिका पाठ असली की हा फायदा असतो, नजर मोज्यांच्या जोड्या जुळवण्यात गुंतली तरी बिघडत नाही. आतल्या खोलीत आई आडवी झाली होती. तिचा डोळा लागला असेल असं मी धरून चालले होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, विनोदी आहे म्हणालीस ना? मग कुणी हसत कसं नाही?"

"त्यात हसण्याचे आवाज घातलेले नाहीयेत, आई."

"मग कळतं कसं?"

एवढं विचारून ती बहुधा कुशीवर वळली, कारण पुढे काही आलं नाही. माझ्या हातातला मोजा मात्र बराच वेळ बिनजोडीचा राहिला.

आई नाटकं बघत मोठी झालेली. नाटकवाल्यांना कसं, सगळं माहीत असतं. "इथे लाफ्टर आहे," असं नवीन नटाला तालमीतच बजावून ठेवतात, आणि प्रयोगात त्या वाक्यानंतर तो पठ्ठ्या खरंच थांबतो. हशा आला की पुढचं वाक्य. नाही आला तर विंगेत गेल्यावर "आजचं पब्लिक थंड आहे" म्हणायची सोय असते. बघणाऱ्यालाही आजूबाजूच्या खुर्च्या सांभाळून घेतात. एकट्याने, चटईवर बसून, लॅपटॉपसमोर हसण्याची जागा शोधायची म्हणजे जबाबदारीचंच काम.

आणि ही मालिका तर त्या बाबतीत काहीच मदत करत नाही. 2001 सालची, अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवरची, जड अपाटोव नावाच्या निर्मात्याची. कॅलिफोर्नियातलं एक काल्पनिक विद्यापीठ, त्याचं डॉर्म, म्हणजे हॉस्टेल, आणि त्यात नुकतीच आलेली पहिल्या वर्षाची मुलं. पुढे कशात पदवी घ्यायची ते तिथे पहिल्याच दिवशी सांगावं लागत नाही, एक-दोन वर्षं ढकलता येतं, त्यावरून मालिकेचं नाव. नायक स्टीव्हन कार्प, शाळेत कुणी ढुंकून न पाहिलेला, काडीपैलवान. त्याचा खोलीसोबती लॉइड, इंग्लंडहून आलेला, नाटक शिकणारा आणि बघायला इतका देखणा की बाकीच्यांनी आरसे झाकून ठेवावेत. त्यांच्या शेजारी रॉन आणि मार्शल. समोरच्या खोलीत लिझी आणि रेचल. यांतल्या कुणीही कुणाला निवडलेलं नसतं. विद्यापीठातल्या कुठल्याशा टेबलावर कुणीतरी यादी केली आणि ही माणसं एकमेकांच्या उशाशी झोपायला लागली. कुटुंबाच्या मालिकेत रक्ताचं नातं असतं, मित्रांच्या मालिकेत निदान आवडनिवड तरी असते. इथे फक्त यादी.

हशाची सोय करणारा मूळ माणूस मात्र मला फार आवडतो. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीतल्या चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनी-अभियंत्याने हशाची पेटी बनवली. टाइपरायटरला असतात तशा कळा, पायाशी पेडल, आत टेपांची भेंडोळी. ही कळ दाबली की खुदकन, ती दाबली की सातमजली, आणि पेडल सोडत गेलं की हशा हळूहळू ओसरणार. पेटीला तो कुलूप लावून ठेवायचा. म्हणजे वर्षानुवर्षं अमेरिकेने घरोघरी कुठे आणि किती हसायचं, ते त्या कुलपाआड बंद होतं. 'मॅश' या लष्करी इस्पितळावरच्या विनोदी मालिकेच्या निर्मात्यांना हा हशा नको होता, सीबीएस काही ऐकेना. शेवटी तडजोड झाली ती अशी, की शस्त्रक्रिया चालू असताना कुणी हसायचं नाही. पेटीतल्या माणसांना एवढी तरी रीतभात शिकवली म्हणायची.

त्या पेटीचे माझ्यावर मात्र उपकार आहेत. नव्वदीच्या दशकात आत्याकडे केबल आली, आमच्याकडे यायची होती. स्टार प्लस तेव्हा इंग्रजी होतं, पुरतं हिंदी झालं ते 2000 साली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं आत्याच्या हॉलमध्ये, पडदे ओढून, टीव्हीसमोर पालथी पडलेली असायचो. मालिका कुठली होती, आज विचाराल तर सांगता येणार नाही. एक सोफा होता, त्याच्या मागे एक जिना होता आणि प्रत्येक जण दारातून आत आला की टाळ्या पडायच्या, एवढं आठवतं. इंग्रजी आमच्या शाळेत पाचवीपासून. 'धिस इज अ पॉट'च्या पुढे फार मजल गेलेली नव्हती. पण टीव्ही हसला की आम्ही हसायचो, आणि अगदी मनापासून हसायचो, पोट धरून.

आमचा पुढारी आतेभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणायचो. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष हॉस्टेलवर काढून तो सुट्टीला आलेला, त्यामुळे त्याला इंग्रजी येतं यावर आमचा ठाम विश्वास होता. तो खुर्चीत बसायचा, आम्ही खाली. मी त्याच्या पायांपाशीच असायचे. तो बसल्या बसल्या उजवा पाय सारखा हलवायचा, आत्या ओरडायची, दळिद्र येतं म्हणून. एकदा माझ्या लक्षात आलं की कुणी इंग्रजीत भराभरा बोलायला लागलं की तो पाय थांबतो. थांबून राहतो. मग टीव्हीतली माणसं हसतात, आणि त्याच्यानंतर, अगदी डोळ्याचं पातं लवण्याइतक्या उशिराने, दादा हसतो. आणि मग पाय पुन्हा सुरू. मी ते कितीतरी वेळ बघत राहिले. टीव्ही, दादा, आम्ही. टीव्ही, दादा, आम्ही. हशाचीसुद्धा रांग असते, आणि दादा आमच्यापेक्षा फक्त एकच नंबर पुढे उभा होता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय एवढं झालंय? मलाही सांगा, मीही हसते." सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "आई, ते तसं सांगून कळायचं नाही गं." पुढे तो अमेरिकेला गेला, तिथेच राहिला, आता त्याची मुलं कॉलेजात आहेत. त्याला फोनवर कधीतरी हे विचारावं असं मनात येतं. पण मग आम्ही हवामानाबद्दल बोलतो.

तेव्हापासून असेल, मी विनोदी काहीही चार माणसांत बघत नाही. नाटकाला जाते ती नाइलाजाने, आणि तिथेही शेजारचा कधी हसतो यावरच माझं निम्मं लक्ष. घरात पाहुणे असताना कुणी "अरे, ते विनोदी काहीतरी लाव ना" म्हणालं की मला चहा ठेवायचं आठवतं.

तर डॉर्म. अमेरिकेतल्या डॉर्मच्या खोल्यांतली गादी बहुतेक ठिकाणी 80 इंच लांब असते आणि तिकडच्या घरातली साधी एकेरी गादी 75 इंच. त्यामुळे घरून आणलेली इलॅस्टिकची चादर पहिल्याच रात्री दगा देते. तीन कोपरे बसतात, चौथा ओढला की पहिला सुटतो. ही माहिती मला दादाच्याच बायकोने पुरवली, लेकीला सोडून आल्यावर, आणि चादरींबद्दल ती जितकं बोलली तितकं लेकीबद्दल बोलली नाही. 'अनडिक्लेअर्ड'मधल्या मुलांना पाहताना मला ती चादर आठवते. घरून आणलेलं हसूही तसंच पाच इंचांनी कमी पडतं. घरी ज्याला सगळे खोखो हसायचे तो विनोद इथे केला तर खोलीत शांतता. इथले लोक ज्याला हसतात त्यात हसण्यासारखं काय आहे, ते कळेपर्यंत पहिलं सत्र संपतं. तोवर सगळे एकमेकांकडे बघून हसतात, आणि ज्याच्याकडे बघायचं तो तिसऱ्याकडे बघत असतो.

स्टीव्हनचं काम करणारा नट, जे बारुशेल, या बाबतीत फार छान. त्याचा ओठ आधी एका बाजूने उचलला जातो, तिथेच अडकतो, नजर लॉइडकडे जाते, आणि मग उरलेलं हसू येतं. हा अभिनय म्हणावा का, याची मला शंका आहे. मालिका आली तेव्हा तो जेमतेम 19 वर्षांचा होता. रॉन झालेला सेथ रोगनही तेवढाच, एकाच महिन्यातले दोघे. अमेरिकन टीव्हीवर कॉलेजकुमार म्हणून तिशीकडे झुकलेले बाप्ये उभे करायची रीत आहे, तिथे ही खरीखुरी पोरं. रोगन तर मालिकेच्या लेखकांतही होता. कॉलेजचं तोंड न पाहिलेला मुलगा कॉलेजवर विनोद लिहीत होता, आणि बरे लिहीत होता.

हसण्याची अजिबात चिंता नसलेला एकच माणूस त्या मालिकेत आहे. स्टीव्हनचे वडील, हॅल. गायक लाउडन वेनराइटने ही भूमिका केली आहे. पहिल्याच भागात ते येऊन सांगतात, मी आणि तुझी आई वेगळे होतोय. मग एकट्या घरात करमत नाही म्हणून डॉर्ममध्ये चकरा मारायला लागतात. स्वतःच विनोद करतात, स्वतःच हसतात, आणि स्टीव्हन कानकोंडा होऊन भिंतीकडे बघत असताना त्याचे मित्र मात्र हॅलवर खूश. पुढे तर त्या मजल्यावरच्या पोरांवर लक्ष ठेवणारी जी थोरली विद्यार्थिनी, हिलरी, तिच्याशीच त्यांचं जमतं. एमी पोहलर ही नटी आहे ती. स्टीव्हनला त्या भागात जे वाटतं ते मी सांगत नाही, पण त्या वेळी चुकून जरी टेपवरचा हशा वाजला असता तर मी लॅपटॉप मिटला असता.

टेपच्या जमान्यातल्या डॉर्म-मालिकाही मी पाहिल्यात. 'अ डिफरंट वर्ल्ड' 1987 ते 1993 चालली, तिच्यात खऱ्या प्रेक्षकांचा हशा, त्यातल्या ड्वेन नावाच्या विद्यार्थ्याच्या वर उघडणाऱ्या गॉगलच्या काचा वर गेल्या तरी हशा. पण लांबलेल्या कॉलेज-मालिकेचं एक दुखणं असतं, मुलं पास होतात. मग त्यांना कुठे ठेवायचं? ड्वेनला त्यांनी त्याच कॉलेजात मास्तर केलं. 'अनडिक्लेअर्ड'वर ही वेळच आली नाही. एकूण भाग झाले 17, आणि फॉक्सने तेही लिहिलेल्या क्रमाने दाखवले नाहीत. ज्यांनी ती तेव्हा टीव्हीवर पाहिली त्यांना कोण कुणाशी कधी भांडलं याचा ताळमेळ लागला नसणार. 2005 साली डीव्हीडी आल्या तेव्हा सगळं नीट ओळीने लागलं. मी ओळीनेच बघते, अर्थात. तरी दुसऱ्या वर्षात कुणीच जात नाही. लिझीचा मित्र एरिक अजून खोलीतल्या फोनवर फोन करतोच आहे, कारण फेसबुक निघायलाही अजून वेळ आहे. तेही एका डॉर्ममधूनच निघालं, हार्वर्डच्या, फेब्रुवारी 2004 मध्ये. त्यानंतरच्या मुलांना आपला खोलीसोबती कसा दिसतो आणि कशाला हसतो, हे सामान बांधायच्या आधीच कळायला लागलं. बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

मोजा शेवटी मी तसाच बाजूला ठेवला आणि पहिल्या भागाची तारीख शोधून काढली, का ते माहीत नाही. 25 सप्टेंबर 2001. म्हणजे न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडून बरोबर दोन आठवडे झाले होते. मालिकेतल्या मुलांना त्यातलं काहीच माहीत नाही. ती चादरी ओढतायत, बिअर मिळवतायत. टीव्हीसमोरच्या माणसांना मात्र माहीत होतं, आणि हसावं की नाही हे त्या दिवसांत त्या अख्ख्या देशाला कळत नव्हतं. 29 तारखेच्या रात्री 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या न्यूयॉर्कहून होणाऱ्या विनोदी कार्यक्रमाचा नवा हंगाम सुरू झाला तेव्हा निर्माता लॉर्न मायकल्स रंगमंचावर उभा राहिला. शेजारी शहराचे महापौर जुलियानी, भोवती अग्निशामक दलाचे आणि पोलिसांचे लोक. त्याने महापौरांना विचारलं, आम्ही विनोद केला तर चालेल का? जुलियानी म्हणाले, आताच कशाला सुरुवात करताय?

मग सगळे हसले. ते हसणं रेकॉर्डवर आहे.

स्टीव्हन कार्प पहिल्यांदा डॉर्ममध्ये शिरला तो त्याच्या चार दिवस आधी, परवानगी मिळायच्या आधी. त्या रात्री घरोघरी कोण हसलं, कुठल्या वाक्याला हसलं, की कुणी हसलंच नाही, कोण जाणे. टेपवर तर काहीच नाही.