निटिनॉलच्या तारेवरची निळी झाक

निटिनॉलची तार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिच्यावरची निळसर-सोनेरी झाक मला फार देखणी वाटली होती. हा ऑक्साइडचा थर आहे, तोच तारेला गंजापासून वाचवतो आणि म्हणून तो जितका जाड तितका बरा, असा माझा सरळसोट हिशेब होता. तो चुकला होता.

निकेल आणि टायटॅनियम यांचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या कामातून पुढे आला. वजनाने त्यात सुमारे ५५ टक्के निकेल असते, आणि खरी काळजी त्या निकेलचीच असते. शरीरातले द्रव ३७ अंश सेल्सिअसचे आणि क्लोराइडयुक्त असतात. त्यात या तारेचा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) वर्षानुवर्षे राहणार असतो, आणि विरघळणारे निकेल काहींना ॲलर्जी करू शकते. टायटॅनियम मात्र हवेतच स्वतःवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइड चढवते, आणि हा पातळ, सलग थर निकेलला आत कोंडून ठेवतो.

घोटाळा भट्टीत होतो. तारेला आकार देण्यासाठी ती ५०० अंशांच्या आसपास तापवली की ऑक्सिजन टायटॅनियमला ओढून घेतो, वर जाड ऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या लगेच खाली निकेलचे प्रमाण वाढते. ती निळी झाक हा रंग नव्हेच, तो थराच्या जाडीमुळे प्रकाशाने केलेला खेळ आहे. असा जाड थर ठिसूळ असतो; स्टेंट दाबून कॅथेटरमध्ये, म्हणजे शरीरात सरकवायच्या बारीक नळीत, भरताना त्याला तडे जातात, आणि तड्यातून खारे पाणी नेमके निकेलने समृद्ध भागापाशी पोहोचते.

म्हणून इलेक्ट्रोपॉलिशिंग करतात. तार धनाग्राला जोडून आम्लाच्या द्रावणात बुडवली की जाड ऑक्साइड, त्याखालचा निकेलचा पट्टा आणि तार खेचताना डायने (तार ज्या साच्यातून ओढतात त्याने) उमटवलेले ओरखडेही निघून जातात. मागे राहतो तो चकचकीत पृष्ठभाग आणि त्यावर नव्याने बसलेला पातळ थर. अनेकदा त्यानंतर नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात पॅसिव्हेशनही, म्हणजे संरक्षक थर पक्का करण्याची प्रक्रियाही, करतात. (गंज रोखायला तार आम्लात बुडवायची, हे ऐकायला विचित्रच वाटते.)

यावरची एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची एफ २१२९ ही चाचणी मला प्रामाणिक वाटते. त्यात उपकरण शरीरासारख्या खाऱ्या द्रावणात ठेवून विभव (विद्युतदाब) हळूहळू वाढवत नेतात. प्रवाह एकदम उसळला की थर फुटून खड्डे पडू लागले, असे बहुधा समजायचे. ही चाचणी कोऱ्या तारेवर नव्हे, तर वाकवून, दाबून, निर्जंतुक करून तयार झालेल्या उपकरणावर करायची असते.