आधी गोष्ट, मग गणित

माझी मुलगी पाचवीत. पाढे तिसापर्यंत पाठ, भागाकार कितीही लांबलचक असो, चुकत नाही. तरी शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात गणितात निम्म्याहून जास्त फुल्या! पेपर घेऊन बसले तेव्हा दिसलं, नुसत्या आकडेमोडीचे प्रश्न सगळे बरोबर होते. फुल्या होत्या त्या शाब्दिक उदाहरणांवर.

मी तिला मुद्दाम सोपं गणित घातलं. राजूकडे १२ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. मीनाकडे किती? क्षणात उत्तर आलं, १७. 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. ही खूण तिला दुसरीत मीच शिकवली होती, आणि तेव्हा ती चाललीही होती. त्याचं मला फार वाईट वाटलं.

मग आम्ही रीत बदलली. उदाहरण वाचून झालं की पेन्सिल खाली ठेवायची आणि काय घडलं ते आकड्यांशिवाय सांगायचं. वहीत सगळ्यात वर 'काय काढायचंय' ते लिहायचं, एककासकट: रुपये, दिवस की डझन. पुढे अंदाज, मग आकडेमोड, शेवटी ताळा. पहिले आठ-दहा दिवस ती कंटाळायची. तिचंही बरोबर होतं, कारण त्या परीक्षेच्या पहिल्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, त्यातले ५० गणिताचे. "आई, एवढं सांगत बसले तर वेळ कसा पुरेल?" मी म्हटलं, घरी सावकाश करू, तिथे आपोआप लवकर होईल. मनातून मलाही खात्री नव्हती.

केळ्यांच्या गणिताने ती खात्री आली. फळवाल्याने ४० रुपये डझनाने १२ डझन केळी घेतली. २ डझन सडकी निघाली. उरलेली ५४ रुपये डझनाने विकली. शेकडा नफा किती? तिने ५४ मधून ४० वजा केले, १४ ला १० ने गुणलं, नफा १४० रुपये. वरवर पाहता मलाही ते पटलं. मग विचारलं, फळवाल्याच्या खिशातून किती गेले, खिशात किती आले? गेले १२ × ४० = ४८०. आले १० × ५४ = ५४०. नफा ६०.

"मग माझं १४० चुकलं कुठे?"

खोडून पुढे जाता आलं असतं, पण त्या प्रश्नावर आम्ही अर्धा तास घालवला आणि तो सार्थकी लागला. विकलेल्या १० डझनांवर १४० रुपये सुटले हे खरंच होतं. पण सडक्या २ डझनांचे ८० रुपयेही फळवाल्याने मोजलेच होते. १४० − ८० = ६०. दोन्ही वाटा एकाच उत्तराला येऊन मिळाल्या, तेव्हा तिचा चेहरा उजळला. शेकडा काढताना तिने ५४० ने भागलं. नफा खरेदीवर मोजायचा, म्हणून ६० × १०० ÷ ४८० = १२.५ टक्के. ताळा तिचा तिनेच केला: ६० हा ४८० चा आठवा भाग, आणि १०० चा आठवा भाग साडेबारा.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो अंदाज. ६ मजूर एक विहीर १० दिवसांत खणतात, तर तशीच विहीर १५ मजूर किती दिवसांत खणतील? पूर्वी तिने १० × १५ ÷ ६ करून २५ लिहिलं असतं, आणि पर्यायांत २५ सापडलंही असतं. असे पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच काढलेले असतात. या वेळी आकड्याला हात लावण्याआधीच ती म्हणाली, "माणसं वाढली, म्हणजे दिवस १० पेक्षा कमीच." मग एका मजुराला किती दिवस लागतील ते काढलं, ६०. त्याला १५ ने भागून ४.

ताळा झाला तरी ती वही मिटेना. "आई, पण १५ माणसं एका विहिरीत एकदम मावतील का गं?"